दोन फोनमधले वीस सेकंद

"अगं, तू भोईवाड्याची ना? तुमच्याकडची माणसं अशी कोसळत नाहीत. मला तर हेवा वाटतो तुमचा."

राधिका मॅडम हे म्हणाल्या तेव्हा त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. खोलीत तीसेक माणसं. भिंतीला पिवळे फुगे लावलेले. आमच्या लॅबच्या ऑफिसात मानसिक आरोग्य सप्ताह चालला होता आणि तो त्याचा शेवटचा दिवस होता. मॅडम एचआरच्या प्रमुख. त्यांनीच विचारलं होतं, "कोणाला मोकळेपणाने काही सांगायचंय का?" कोणी हात वर केला नाही. मी केला.

उभी राहून मी म्हटलं, "मॅडम, मला तीन महिने नीट झोप नाही. फोनची रिंग वाजली की बोटं गार पडतात. सकाळी इथलं गेट दिसलं की ओकारी आल्यासारखं होतं."

एवढंच बोलले. त्यावर मॅडमनी ते वाक्य म्हटलं. मागून कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. साहेबाने विनोद केल्यावर हसतात तसे.

आणि मीही हसले. हे लिहायलाच हवं, नाहीतर बाकीचं लिहिण्याला अर्थ नाही. सगळ्यांसमोर मी हसले, "हो मॅडम, खरंय," म्हणाले आणि खाली बसले.

त्याच्या पाच मिनिटं आधी मॅडमनी स्वतःची गोष्ट सांगितली होती. गेल्या वर्षी एका सकाळी त्यांना बिछान्यातून उठताच येईना. डॉक्टर म्हणाले, बर्नआउट. त्यांनी सहा आठवडे रजा घेतली. डोंगरात कुठेतरी जाऊन राहिल्या, चित्रं काढली. "मी स्वतःला वेळ दिला," असं म्हणाल्या. बोलताना त्यांचा आवाज भरून आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दोघीतिघींनी डोळे पुसले. मी पण टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. त्या खोटं बोलत नव्हत्या, हे मला आजही वाटतं. म्हणून तर मी हात वर केला. मला वाटलं, हे असं सांगता येतं.

त्यांना सांगता येत होतं. मला नाही.

नोकरीला लागले तेव्हा मुलाखत मॅडमनीच घेतली होती. माटुंग्याला राहतात त्या, आजोळ ठाकूरद्वारचं. स्वच्छ, शुद्ध मराठी. त्यांनी माझं आडनाव ऐकलं आणि गाव विचारलं. गाव ऐकल्यावर पुढे काही विचारलं नाही. नुसतं "अच्छा" म्हणाल्या. ते "अच्छा" आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचं आहे. पण नोकरी मिळाली, म्हणून मी ते गिळलं.

काम काय होतं ते सांगते. परळमध्ये गिरणीच्या जागेवर जी काचेची बिल्डिंग झालीय, तिच्या आठव्या मजल्यावर आमचं ऑफिस. माणसांच्या गाठींचे, हाडांचे तुकडे, रक्ताचे नमुने लॅबमध्ये तपासले जायचे. रिपोर्ट तयार झाला की आम्ही फोन करायचा. साध्या रिपोर्टचा मेसेज आपोआप जायचा. वाईट रिपोर्ट स्क्रीनवर लाल रंगात यायचा. फोन फक्त लाल नावांना.

वाक्य ठरलेलं होतं. "तुमचा रिपोर्ट तयार आहे. घेऊन जायला येताना घरातलं कोणी सोबत आणा." याच्यापुढे एक शब्द बोलायचा नाही. समोरच्याने विचारलं, "का, सोबत का?" तर म्हणायचं, "तशी पद्धत आहे." माणसं खुळी नसतात. त्यांना त्याच क्षणी कळायचं. कोणी गप्प व्हायचं. कोणी "अहो ताई, खरं सांगा ना" म्हणत राहायचं. एका बाईने फोन तसाच धरून मागे कोणालातरी हाक मारली होती, "कुकर बंद कर." बस. तेवढंच. ती हाक माझ्या कानात महिनाभर राहिली.

फोन ठेवला की वीस सेकंदांनी पुढचा फोन आपोआप लागायचा. आधी दीड मिनिट असायचं. मग सिस्टीम बदलली आणि ते वीस सेकंद झालं. वीस सेकंदात पाण्याची बाटली उघडता येते, पाणी पिता येत नाही.

माझ्या शेजारी मोहनदादा बसायचे. लालबागचे. मूळचे मालवणकडचे. पन्नाशी ओलांडलेली. आधी ते रिपोर्ट टाइप करायचे, अठरा वर्षं. टायपिंग बंद झालं, तसं त्यांना फोनवर बसवलं. मी नवीन होते तेव्हा हेडफोन कसा लावायचा ते त्यांनीच शिकवलं. "कानावर घट्ट लावू नको गो," म्हणाले, "जरा वर ठेव. आवाज येता, पण आत जाणा नाय."

स्वतःला मात्र ते जमलं नाही.

आधी जेवण कमी झालं. डबा उघडायचे, बघायचे, झाकण लावायचे. मग रोज फोन केलेल्या माणसांची नावं एका वहीत लिहायला लागले. मी विचारलं, "दादा, कशाला?" तर म्हणाले, "कोणीतरी लक्षात ठेवूक व्हया." मग ती वही ते घरीही नेऊ लागले. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बाहेर गेलो की रस्त्यावरच्या माणसांकडे बघत राहायचे. एकदा उसाच्या रसवाल्याकडे बघून मला म्हणाले, "हेचो आवाज माझ्या ओळखीचो आसा." मी विषय बदलला.

एक दिवस म्हणाले, "बाय, तुका ऐकाक येता काय? ती माणसां फोन ठेवल्यार पण बोलतच रवतत."

मी म्हटलं, "दादा, डॉक्टरला दाखवा."

"डॉक्टरकडे जाऊन काय सांगू? ऐकाक येता म्हणून? घरात कळला तर म्हणतीत, मोहनाक बाहेरची बाधा झाली."

मला ते कळत होतं. आमच्याकडे या आजाराला शब्दच नव्हता. माझे बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली, त्यानंतर ते चाळीच्या गॅलरीत एका स्टुलावर बसले ते बसलेच. सहा वर्षं. दाढी नाही, बोलणं नाही. आई दोन वेळा ताट नेऊन ठेवायची. शेजारचे विचारायचे, "कसा आहे रे तुझा बाप?" भाऊ सांगायचा, "बसलाय." आमच्याकडे माणूस आजारी नाही पडायचा. बसायचा. एक दिवस बाबा बसल्या जागी गेले आणि मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिला गेला.

ही गोष्ट मी आयुष्यात फक्त एका माणसाला सांगितली. कंपनीने आम्हाला समुपदेशनाचा एक फोन नंबर दिला होता. त्या फुग्यांच्या दिवसानंतर आठवडाभराने मी तो लावला. पलीकडे गोड आवाजाची एक बाई. पहिलंच वाक्य म्हणाली, "इथे बोललेलं इथेच राहतं, ताई." मी अर्धा तास रडले. बाबांचं सगळं सांगितलं. स्टूल, ताट, दाढी. हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवसांनी ते घडलं. दुपारची वेळ. माझा फोन संपला होता, वीस सेकंद चालू होते. शेजारी मोहनदादा बोलत होते. त्यांच्या स्क्रीनकडे माझी सहज नजर गेली. स्क्रीन काळी होती. फोन लागलेलाच नव्हता. आणि ते त्याच ठरलेल्या सुरात, सावकाश, नम्रपणे बोलत होते.

"मोहन यांच्या घरून बोलताय का? त्यांचा रिपोर्ट तयार आहे. घरातलं कोणी सोबत आणा."

थोडं थांबले. मग म्हणाले, "तशी पद्धत आहे."

माझ्या कानात पुढचा फोन लागला. "हॅलो? हॅलो कोण?" म्हणून कोणीतरी विचारत होतं. मी हेडफोन काढला आणि सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेले. पहिल्यांदाच न विचारता.

मी सगळं सांगितलं. ते स्वतःलाच फोन करत होते, हेही सांगितलं. म्हटलं, "मॅडम, त्यांना आजच फोनवरून उठवा. दुसरं काहीही काम द्या. आणि घरी कोणालातरी बोलावून घ्या."

मॅडमनी शांतपणे ऐकलं. पाणी दिलं. म्हणाल्या, "तू संवेदनशील आहेस, ते छान आहे. मी त्यांना पुढच्या गुरुवारची समुपदेशनाची वेळ देते."

"गुरुवारपर्यंत नाही थांबता येणार, मॅडम."

"अगं, आमच्या आजोबांच्या ऑफिसातले सगळे शिपाई कोकणातले होते. वर्षानुवर्षं काम केलं, कधी कुरकुर नाही. ही माणसं काटक असतात. तू उगाच घाबरतेस." मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "तुझे फोन थांबलेत ना?"

मी जागेवर परत आले. हेडफोन लावला. हीसुद्धा माझीच गोष्ट आहे. मी परत आले आणि हेडफोन लावला.

मंगळवारी मोहनदादा वेळेवर आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. अकरा वाजेपर्यंत फोन केले. मग हेडफोन काढून त्याची वायर गुंडाळली, तो ड्रॉवरमध्ये ठेवला. चपला काढून टेबलाखाली एकमेकींना लावून ठेवल्या. मला वाटलं, पाय मोकळे करतायत. मी एका फोनवर होते. समोरचा माणूस विचारत होता, "घरातलं कोणीच नसेल तर?" मी म्हटलं, "तशी पद्धत आहे." मान वळवली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

सगळीकडे शोधलं. बाथरूममध्ये, कँटीनमध्ये. खालचा वॉचमन म्हणाला, "वो काका? नंगे पाँव गये, मेरेको लगा मंदिर जा रहे होंगे." मी त्यांच्या घरी फोन केला. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, फोन उचलला. काय बोलायचं ते मला सुचेना. कोणाच्या घरी फोन करून काय बोलायचं ते मला एकच शिकवलेलं होतं, आणि ते तोंडाशी आलेलं मी दातांत धरून ठेवलं. शेवटी एवढंच म्हटलं, "वहिनी, दादा ऑफिसातून निघालेत. घरी आलेत का?"

नव्हते आले. त्या दिवशी नाही, दुसऱ्या सकाळीही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सापडले. परळच्याच एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत, जिथे माणसं पहाटेपासून लायनीत बसतात. ते लायनीतल्या एकेका माणसापाशी जात होते, वाकून हळू आवाजात विचारत होते, "घरातलं कोणी सोबत आणलंय का?" कोणी हाकललं, कोणी शिव्या घातल्या. एका म्हाताऱ्या बाईने "नाही रे बाबा" म्हटलं, तर तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. वही हातात होती. तळपाय फाटले होते. वहिनींना त्यांनी ओळखलं नाही. त्यांना तिथेच मानसोपचार वॉर्डात भरती केलं.

त्या आठवड्यात आमच्या फ्लोअरवर कोणी मोठ्याने बोललं नाही. त्यांच्या चपला दोन दिवस टेबलाखाली तशाच होत्या. मग सफाईवालीने उचलल्या.

पुढच्या शुक्रवारी एकेकाला मॅडमच्या केबिनमध्ये बोलवायला सुरुवात झाली. आत जाणारा पाच मिनिटांत बाहेर यायचा आणि कोणाकडे न बघता जागेवर बसायचा. माझा नंबर शेवटी आला.

टेबलावर टाइप केलेला एक कागद होता. तीन वाक्यं. सदर कर्मचारी कौटुंबिक तणावाखाली होते. कामाच्या स्वरूपाबद्दल त्यांनी कधीही तक्रार केली नाही. कंपनीने त्यांना मदत देऊ केली होती, ती त्यांनी घेतली नाही. खाली सह्या. सगळ्यांच्या. माझ्या नावापुढची जागा रिकामी होती.

"फक्त औपचारिकता आहे," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या बायकोने कुठेतरी अर्ज केलाय."

मी म्हटलं, "मॅडम, कौटुंबिक तणाव कोणता?"

"असेलच ना काहीतरी. प्रत्येकाच्या घरी असतो."

"आणि मी येऊन तुम्हाला सांगितलं होतं, ते?"

मॅडमनी टेबलावरचा कागद सरळ केला. खुर्ची माझ्याकडे वळवली. आवाज अजून मऊ झाला.

"हे बघ, मी तुझी काळजी म्हणून सांगते. अशा प्रकरणात फार ओढली जाऊ नकोस. तुला ते झेपणार नाही. तुझ्या वडिलांचंही असंच झालं होतं ना? सहा वर्षं ते नुसते बसून होते. या गोष्टी रक्तात असतात. उद्या कोणी विचारलं, की ही मुलगी जे सांगते त्यावर कितपत विश्वास ठेवायचा, तर आम्ही काय उत्तर द्यायचं?"

एसीचा आवाज येत होता. काचेच्या पलीकडे फ्लोअरवर सगळे माना खाली घालून फोन करत होते.

माझ्या बाबांचं त्या ऑफिसात कोणालाही माहीत नव्हतं. मोहनदादांनाही नाही. सहा वर्षं हा आकडा मी फक्त त्या गोड आवाजाच्या बाईला सांगितला होता.

मला वाटलं होतं, अशा वेळी माणूस चिडतो, ओरडतो. तसं काही झालं नाही. आतून एकदम थंड, स्वच्छ झालं. फुगे आठवले. मोकळेपणाने काही सांगायचंय का, हा प्रश्न आठवला. तो प्रश्न कशासाठी होता ते कळलं. आम्ही बोलावं म्हणून होता. बोललो की ते त्यांच्याकडे जमा होणार होतं, कधीतरी आमच्यासमोर टेबलावर ठेवायला. त्यांच्या सहा आठवड्यांचं धैर्य झालं. माझ्या बाबांच्या सहा वर्षांचं वाईट रक्त झालं.

मी विचारलं, "मॅडम, माझ्या वडिलांचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यांनी कानातलं चाचपलं. पहिल्यांदाच त्यांची नजर माझ्यावरून हटली.

मी पेन उचललं. त्यांना वाटलं सही करतेय. मी त्या तीन वाक्यांवर एक तिरकी रेघ मारली आणि खाली माझ्या हाताने लिहिलं. कोणत्या दिवशी मी मोहनदादांना बंद फोनवर स्वतःचं नाव घेऊन बोलताना ऐकलं. किती वाजता केबिनमध्ये येऊन सांगितलं. मला काय उत्तर मिळालं, शब्दाला शब्द. दोन फोनमध्ये किती सेकंद असतात. अक्षर वेडंवाकडं आलं. खाली सही केली, पूर्ण नाव, आडनावासकट. मोबाइल काढून फोटो घेतला.

मॅडम म्हणाल्या, "तुला कळतंय ना तू काय करतेयस?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं, कोणाला काही सांगायचंय का. हे सांगायचंय."

दार उघडून बाहेर आले. कोणी मान वर केली नाही. मी त्यांना दोष देत नाही. महिनाभरापूर्वीची मीच प्रत्येक खुर्चीत बसले होते.

सोमवारी ऑफिसला गेले तर माझं कार्ड चालेना. गेटवर पत्र दिलं. माझ्या मानसिक स्वास्थ्याचा विचार करून मला अनिश्चित काळासाठी विश्रांती देण्यात येत आहे. खाली मॅडमची सही. मला वेळ दिला होता त्यांनी.

तेव्हापासून रोज दुपारी मी वॉर्डात जाते. वहिनी आणि मी आळीपाळीने बसतो. मोहनदादा बरे झालेले नाहीत. कधी जेवतात, कधी नाही. कधी माझ्याकडे बघून "काय गो" म्हणतात आणि मला वाटतं आले परत, पण पुढचं वाक्य दुसऱ्याच कोणाशी असतं. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत. तिथल्याच डॉक्टरीणबाईंनी मलाही तपासलं. मला गोळ्या सुरू आहेत. झोप थोडी येते. बोटं अजून गार पडतात.

वहिनींनी कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज केलाय. त्यावर आता तारीख लागलीय. साक्षीदार म्हणून एकच नाव आहे, माझं. ऑफिसातल्या एका मुलीचा मध्ये फोन आला होता. म्हणाली, "ताई, आम्ही सगळे तुझ्या बाजूने आहोत, पण नाव नको घेऊस." नाही घेणार. भाऊ म्हणतो, "सोड ना, तुला वेडी ठरवतील. लग्नाच्या मुली आहेत घरात." आईने परवा कपाटातून बाबांचा दाखला काढून माझ्या पिशवीत ठेवला.

कंपनीचा वकील काय विचारणार ते मला माहीत आहे. आजार आहे का. गोळ्या कोणत्या. घरात अजून कोणाला होता. तो विचारायच्या आधी मी माझी केसपेपरची फाईल टेबलावर ठेवणार आहे. म्हणणार आहे, हो, मी आजारी आहे. हा आजार मला आठव्या मजल्यावर, कामाच्या वेळेत झालाय. माझे वडीलही आजारी होते, त्यांना कोणी आजारी म्हटलं नाही. आता लिहून घ्या.

मग वहिनींनी माझ्याकडे दिलेली मोहनदादांची वही उघडणार आहे, आणि पहिल्या नावापासून बोलायला सुरुवात करणार आहे. मला कोणी थांबवलं तर थांबेन. पाणी पिईन. आणि जिथे थांबले तिथून पुढे बोलेन.